दुकानातील संगणकीय बिलिंग, बारकोड आणि लेबले: निपाणीच्या एका किराणा दुकानदारांच्या प्रश्नांना उत्तर

निपाणीतील एका किराणा-भुसारी दुकानदारांनी विचारलेले प्रश्न थोडक्यात असे आहेत. दुकान वडिलांपासून चालत आलेले आहे, दीड हजाराच्या आसपास जिन्नस आहेत, आतापर्यंत हाताने लिहिलेल्या बिलावर व्यवहार चालला, आणि आता संगणकीय बिलिंग बसवायचे आहे. त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर आणि कोणता प्रिंटर घ्यावा, दुकानात भरल्या जाणाऱ्या डाळी-कडधान्यांच्या पुड्यांवर बारकोड लावावा का, एकाच साबणावर दोन वेगवेगळ्या किमती छापून आल्या तर काय करावे, बिल मराठीत निघेल की कन्नडमध्ये, आणि सीमेपलीकडच्या महाराष्ट्रातील कागल-मुरगूडकडून येणाऱ्या गिऱ्हाइकांमुळे करात काही फरक पडतो का, असे त्यांनी विचारले आहे. बेळगाव, खानापूर, संकेश्वर, निपाणी या पट्ट्यातील दुकानांत अशी यंत्रणा बसवून देण्याचे आणि ती चालती ठेवण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. त्या आधारावर हे उत्तर देतो.

सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, हा प्रश्न आपण पहिला विचारला आहे, पण माझ्या मते तो सर्वांत शेवटी सुटला तरी चालेल. बाजारातील बहुतेक सॉफ्टवेअर बिल बरोबरच काढतात. चूक काउंटरवर दिसते खरी, परंतु ती तेथे झालेली नसते. माल दुकानात आला त्या दिवशी, आवक नोंदताना, ती झालेली असते. आपल्याकडे सर्वसाधारणपणे असे घडते की घाऊक व्यापाऱ्याचा टेम्पो दुपारी माल टाकून जातो, खोकी माडीवर किंवा मागच्या खोलीत चढतात, आणि रात्री दुकान आवरताना कोणीतरी घाऊक बिल समोर ठेवून त्यातील आकडे संगणकात भरतो. घाऊक बिलात नग, दर आणि कर असतो. पुड्यावर प्रत्यक्ष छापलेली एमआरपी आणि मुदतीची तारीख त्यात असेलच असे नाही. ती खोके उघडल्यावरच कळते. म्हणून माझा पहिला आग्रह असा असतो की आवक नोंद घाऊक बिलावरून नव्हे, तर उघडलेल्या खोक्याशेजारी बसून, प्रत्येक जिनसाचा एक नग हातात घेऊन करावी. यासाठी स्कॅनरची तार लांब हवी किंवा बिनतारी स्कॅनर हवा, इतकीच काय ती जास्तीची सोय. हे काम कंटाळवाणे आहे, हे मान्य आहे, आणि नेमके म्हणूनच ते दुकानातील सर्वांत नवख्या मुलाकडे जाते. ते मालकाने किंवा घरातील जाणत्या माणसाने स्वतःकडे ठेवावे.

आता दोन किमतींचा प्रश्न, कारण भारतातील किरकोळ विक्रीत बिलिंगचा खरा गुंता हाच आहे. पुड्यावरील तेरा आकडी बारकोडात वस्तूची ओळख असते, किंमत नसते. त्यातील सुरुवातीचे ८९० हे आकडे तो क्रमांक जीएसवन इंडिया या संस्थेमार्फत दिला गेला आहे एवढेच सांगतात. माल भारतात तयार झाला की नाही, हेसुद्धा त्यावरून ठरत नाही. कंपनीने वजन बदलले तर नवा क्रमांक घ्यावा लागतो, परंतु केवळ एमआरपी बदलली तर व्यवहारात बहुधा जुनाच क्रमांक चालू राहतो. परिणामी ४० रुपयांचा जुना आणि ४४ रुपयांचा नवा साबण फळीवर शेजारी-शेजारी उभे असतात आणि स्कॅनरला दोन्ही एकच दिसतात. चांगले सॉफ्टवेअर अशा वेळी पडद्यावर छोटी चौकट उघडते आणि कोणत्या एमआरपीचा नग आहे, असे विचारते. आठवडी बाजाराच्या दिवशी काउंटरपुढे गर्दी उभी असताना बिल करणारा मुलगा ती चौकट वाचत नाही, तो सरळ एंटर दाबतो, आणि चौकटीत जी ओळ वर असेल ती बिलात जाते. वर ४४ ची ओळ असेल आणि हातातील नग ४० चा असेल, तर छापील किमतीपेक्षा जास्त आकारणी झाली. वैधमापन (वजन-मापे) कायद्याखालील २०११ च्या आवेष्टित, म्हणजे पाकीटबंद, वस्तू नियमांनुसार तो सरळ गुन्हा आहे, आणि गिऱ्हाईक आपल्या बाजूचे असले तरी गावभर बोभाटा होतो तो वेगळाच.

यावर दोन उपाय एकत्र करावेत. पहिला असा की चौकटीतील ओळी एमआरपीच्या चढत्या क्रमाने लागतील, अशी मांडणी सॉफ्टवेअर देणाऱ्याकडून करून घ्यावी, म्हणजे न पाहता एंटर दाबले तरी कमी किंमत लागेल. चार रुपये बुडतील, पण कायदा मोडणार नाही. दुसरा उपाय असा की जुन्या एमआरपीचा माल संपल्यावर ती ओळ हाताने बंद करावी. संगणकातील शिल्लक शून्य झाली की ओळ आपोआप बंद होईल, असे सांगणारे बरेच भेटतील, परंतु किराणा दुकानात संगणकातील शिल्लक आणि फळीवरील शिल्लक यांचा मेळ क्वचितच तंतोतंत बसतो. फळीवर प्रत्यक्ष पाहूनच ओळ बंद करावी, आणि ज्या जिनसाला दोन किमती चालू आहेत त्याचा नवा माल मागे व जुना पुढे, ही आपल्या वडिलांच्या काळची शिस्त तशीच ठेवावी. यंत्र आले म्हणून ती सुटते, असा माझा अनुभव आहे.

एमआरपी आणि विक्रीदर हे दोन वेगळे रकाने आहेत, हेही आधीच मनाशी पक्के करावे. एमआरपी ही कमाल मर्यादा आहे. तिच्या खाली कितीही दराने विकता येते. अनेक दुकानांत यंत्रणा बसवताना घाईत एमआरपी हाच विक्रीदर म्हणून भरला जातो आणि एकच रकाना वापरला जातो. त्याची किंमत २२ सप्टेंबर २०२५ रोजी अनेकांनी मोजली. त्या दिवशी जीएसटीचे दर बदलले. साबण, शाम्पू, टूथपेस्ट हे १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. १०० रुपये छापलेल्या साबणाचे गणित करून पाहावे: १८ टक्के कर आत धरला असता मूळ किंमत ८४.७५ रुपये होते, तिच्यावर ५ टक्के लावले असता ८८.९८ रुपये होतात. म्हणजे छापील एमआरपी १०० असूनही तो ८९ रुपयांच्या आसपास विकणे अपेक्षित होते. ज्यांच्याकडे विक्रीदराचा रकाना वेगळा होता, त्यांनी एका संध्याकाळी दर बदलून घेतले. ज्यांच्याकडे एकच रकाना होता, त्यांना एमआरपीच बदलावी लागली, आणि मग बिलावरील एमआरपी व पुड्यावरील एमआरपी यांचा मेळ बसेना. त्याच वेळी आणखी एक गोष्ट लक्षात आली: करदराला लागू होण्याची तारीख जोडण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असली पाहिजे. ती नसेल, तर दर बदलण्याआधी विकलेला माल नंतर परत आला की त्याची नोंद नव्या दराने होते आणि विवरणपत्रात फरक निघतो. सॉफ्टवेअर पाहायला जाल तेव्हा विक्रेत्याला हे दोनच प्रश्न विचारावेत. रंगीत आलेख कितीही दाखवले, तरी उत्तर मिळेपर्यंत पैसे देऊ नयेत.

छापील किमतीवर चिकटपट्टी लावण्याबद्दल आपण वेगळे विचारलेले नाही, परंतु ते येथेच सांगणे योग्य ठरेल. किंमत वाढवण्यासाठी चिकटपट्टी लावता येत नाही. किंमत कमी करण्यासाठी लावता येते, मात्र तिने मूळ छापील एमआरपी झाकली जाता कामा नये. दुकानाचे नाव आणि बारकोड असलेले आपले स्वतःचे लेबल लावतानाही हेच पाळावे. एमआरपी, वजन, तारीख आणि कंपनीचा पत्ता यांवर ते चुकूनही चिकटवू नये. ज्या मालावर कंपनीचा बारकोड आहे, त्यावर दुकानाचे दुसरे लेबल लावण्याची गरजच नसते. तो कागद वाया, श्रम वाया.

लेबलाची खरी गरज दुकानात भरल्या जाणाऱ्या मालाला लागते, आणि तेथे तांत्रिक बाजूच्या आधी कायद्याची बाजू येते. गिऱ्हाईक समोर नसताना माल ठरावीक वजनाने पुडीत भरला, मग पुडीचे तोंड बंद असो वा उघडे, तर ती ‘पूर्व-आवेष्टित वस्तू’ होते. सकाळी दुकान उघडण्याआधी तूरडाळीच्या एक-एक किलोच्या पुड्या भरून ठेवण्याची आपल्याकडील पद्धत बरोबर या व्याख्येत बसते. अशा पुडीवर भरणाऱ्याचे नाव व पत्ता, वस्तूचे नाव, निव्वळ वजन, भरल्याचा महिना व वर्ष, सर्व करांसह एमआरपी, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क आणि एकक किंमत लिहावी लागते. एकक किंमत एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पुडीवर प्रति ग्रॅम आणि त्याहून जास्त वजनाच्या पुडीवर प्रति किलो द्यायची असते. अर्धा किलो डाळ ८० रुपयांना असेल, तर प्रति ग्रॅम ०.१६ रुपये. शिवाय भरणारा म्हणून वैधमापन खात्याकडे ९० दिवसांच्या आत नोंदणी करावी लागते, आणि खाण्याचा जिन्नस असल्यामुळे एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेचा चौदा आकडी क्रमांक, शाकाहाराचे हिरवे चिन्ह व इतर तपशील येतात ते वेगळेच.

याला कराचीही बाजू आहे. १८ जुलै २०२२ पासून डाळी, तांदूळ, पिठे, गूळ असा माल पूर्व-आवेष्टित आणि लेबलयुक्त असेल तर ५ टक्के जीएसटी लागतो, आणि पोत्यातून गिऱ्हाइकासमोर मोजून दिला तर लागत नाही. आपण लेबलच लावले नाही तर कर लागणार नाही, असा एक सोयीस्कर समज आपल्या बाजारात फिरत असतो. तो चुकीचा आहे. कायद्याने लेबल लावणे आवश्यक आहे अशी पुडी असेल, तर लेबल लावले नाही म्हणून कर टळत नाही. म्हणून माझा सल्ला असा की डाळी, कडधान्ये, गूळ आणि तांदूळ हे सुटेच ठेवावेत व गिऱ्हाइकासमोर मोजावेत, आणि पुडी बांधण्याचा वेळ वाचवण्यासाठी लेबल छापणारा काटा घ्यावा. शेंगदाणे निवडून, मसाला कुटून आपल्या नावाने विकायचा असेल, तर मात्र लेबलाचे सर्व सोपस्कार पूर्ण करून तो स्वतंत्र व्यवसाय म्हणूनच करावा. या दोहोंच्या मधले जे धोरण बहुसंख्य दुकाने चालवतात, म्हणजे पुडी आधी भरायची पण लेबल अर्धेच लावायचे, ते सर्वांत धोक्याचे आहे.

लेबल छापणारा काटा कसा काम करतो, ते समजून घेतले तर पुढची बरीच धडपड वाचेल. काट्यातून निघणाऱ्या चिकटपट्टीवर तेरा आकड्यांचा बारकोड असतो. २० ते २९ या आकड्यांनी सुरू होणारे क्रमांक दुकानांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवलेले असतात, त्यामुळे ते कोणत्याही कंपनीच्या क्रमांकाशी धडकत नाहीत. समजा काट्याने २१००४५००१२५०४ असा क्रमांक छापला. यातील २१ हे आकडे ‘हा वजनाचा बारकोड आहे’ असे सांगतात, पुढचे ००४५० हा तूरडाळीचा आपण दिलेला क्रमांक, त्यापुढचे ०१२५० म्हणजे १२५० ग्रॅम, आणि शेवटचा ४ हा तपासणीचा आकडा. तो असा येतो: पहिल्या बारा आकड्यांपैकी डावीकडून विषम स्थानांवरील आकड्यांची बेरीज १२, सम स्थानांवरील बेरीज ८, तिची तिप्पट २४, दोन्ही मिळून ३६, आणि पुढचा दशक गाठायला कमी पडतात ते ४. एखादी रेघ पुसट छापली जाऊन आकडा चुकीचा वाचला गेला, तर हा हिशेब जुळत नाही आणि स्कॅनर बहुधा गप्प राहतो. काही काटे वजनाऐवजी रक्कम बारकोडात भरतात. मी नेहमी वजनच भरायला सांगतो, कारण मग दर संगणकातूनच लागतो, सकाळी डाळीचा भाव बदलला तरी काट्यात जाऊन तो बदलावा लागत नाही आणि शिल्लक ग्रॅममध्ये वजा होते. काट्याची वैधमापन खात्याकडून दरवर्षी पडताळणी होऊन शिक्का लागला पाहिजे, हे आपल्याला माहीत असेलच.

काही दुकानदार सुट्या मालासाठी मनाने ८९० ने सुरू होणारे तेरा आकडे ठरवून टाकतात, कारण ते ‘कंपनीसारखे’ दिसतात. तसे कदापि करू नये. तो क्रमांक कोणा खऱ्या कंपनीचा निघाला, तर एक दिवस बिस्किटाचा पुडा स्कॅन केल्यावर पडद्यावर हळद येईल.

लेबलाच्या आकाराबद्दल विक्रेते फारसे बोलत नाहीत, म्हणून थोडे हिशेबाने सांगतो. आपल्याकडे सर्वाधिक खपणारे लेबल ३८ मिलिमीटर रुंद आणि २५ मिलिमीटर उंच असते, आणि सर्वाधिक खपणारा प्रिंटर २०३ डीपीआयचा, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये ८ ठिपके उमटवणारा असतो. तेरा आकडी बारकोडाची सर्वांत बारीक रेघ ०.३३ मिलिमीटर असावी, असे प्रमाण आहे आणि ती त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ०.२६४ पर्यंतच बारीक करता येते. या प्रिंटरला रेघ दोन ठिपक्यांची काढता येते, म्हणजे ०.२५ मिलिमीटर, किंवा तीन ठिपक्यांची, म्हणजे ०.३७५. दोन ठिपक्यांची रेघ प्रमाणाच्या खाली जाते. तीन ठिपक्यांची घेतली, तर दोन्ही बाजूंच्या कोऱ्या जागेसह बारकोड सुमारे ४२ मिलिमीटर रुंद होतो आणि ३८ च्या लेबलात मावतच नाही. मग विक्रेता कडेची कोरी जागा खाऊन टाकतो, बारकोड दिसायला सुबक दिसतो, पण स्कॅनर दहापैकी तीन वेळा तो वाचत नाही, आणि दोष मात्र स्कॅनरवर येतो. यातून मार्ग दोन. लेबल ५० मिलिमीटर रुंद घ्यावे, किंवा दुकानाच्या अंतर्गत मालासाठी तेरा आकडे सोडून कोड १२८ या पद्धतीने सहा आकडी क्रमांक छापावा. सहा आकड्यांचा कोड १२८ तीन ठिपक्यांच्या जाड रेघेनेही कोऱ्या जागेसह ३३ मिलिमीटरमध्ये बसतो आणि जुना, धूळ खाल्लेला स्कॅनरही तो पटकन वाचतो. घरगुती लोणची, पापड, पूजेचे साहित्य, झाडू, पत्रावळी यांसाठी मी हाच वापरतो.

लेबल उमटवण्याच्या पद्धती दोन आहेत. एकीत विशेष कागद उष्णतेने काळा होतो, रिबन लागत नाही; दुसरीत रिबनवरील शाई कागदावर उतरते. पहिली स्वस्त व सुटसुटीत आहे आणि त्याच दिवशी संपणाऱ्या मालासाठी, म्हणजे काट्याच्या चिकटपट्टीसाठी, तीच योग्य आहे. परंतु ऊन, तेल आणि वेळ या तिन्हींपुढे ते छापील अक्षर टिकत नाही. चकलीच्या किंवा लोणच्याच्या पाकिटावर तेलाचा बोट लागला की महिनाभरात तारीख वाचता येत नाही, आणि तारीख वाचता न येणारे पाकीट हे तारीख नसलेल्या पाकिटासारखेच धरले जाते. तेथे रिबनचा प्रिंटर आणि मेण-रेझिन मिश्र रिबन वापरावी. खानापूर-जांबोटीकडील पावसात गोंद धरत नाही, ही तक्रार मला दर आषाढात ऐकावी लागते. पाकीट पुसून कोरडे केल्याशिवाय लेबल लावू नये आणि लेबलांचे रोळ डब्यात बंद ठेवावेत, याहून मोठा उपाय त्याला लागत नाही. लहान बाटलीवर बारकोड आडवा लावला तर कडेच्या रेघा वळणामागे जातात; तो उभा लावावा, म्हणजे रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक दिसतील. आणि बारकोड लाल रंगात छापून घेऊ नये. बऱ्याच स्कॅनरचा प्रकाश लाल असतो, त्याला लाल रेघ आणि पांढरा कागद सारखाच दिसतो.

भाषेचा प्रश्न आपल्या भागात नाजूक आहे, परंतु लेबलापुरता तो सरळ आहे. आवेष्टित वस्तू नियमांनुसार आवश्यक मजकूर देवनागरीतील हिंदीत किंवा इंग्रजीत असावा लागतो. त्याशिवाय आणखी कोणतीही भाषा जोडता येते. म्हणजे केवळ मराठीत किंवा केवळ कन्नडमध्ये छापलेले लेबल नियमात बसत नाही. खेड्यापाड्यांतील बचत गटांचे पापड-मसाले आपल्याकडे विक्रीला येतात, त्यांवर बहुधा सुरेख मराठी लेबल असते आणि इंग्रजीचे एकही अक्षर नसते. माल आपल्या फळीवर असल्यामुळे विचारणा आपल्यालाही होऊ शकते. त्यांना वेळीच सांगून लेबल दुरुस्त करून घ्यावे. कर्नाटकात तयार होऊन कर्नाटकातच विकल्या जाणाऱ्या मालावर नाव आणि सूचना कन्नडमध्येही असाव्यात, असा राज्य शासनाचा फेब्रुवारी २०२५ चा आदेश आहे, तेव्हा आपल्या नावाने मसाला भरणार असाल तर इंग्रजी, कन्नड आणि मराठी अशा तिन्ही भाषांची जागा धरूनच लेबल आखावे. दुकानाच्या फलकावरील ६० टक्के कन्नडचा नियम हा वेगळा विषय आहे, त्याचा बिलाशी संबंध नाही.

बिल मराठीत निघते, कन्नडमध्येही निघते, मात्र त्यासाठी प्रिंटर कसा चालवला जातो हे पाहावे लागते. साध्या बिल प्रिंटरच्या पोटात इंग्रजी अक्षरे असतात, देवनागरी किंवा कन्नड नसतात. संगणकाने बिलाचे चित्र तयार करून ते ठिपक्यांच्या रूपात पाठवले तरच आपली लिपी उमटते. छपाई थोडी मंदावते इतकेच. विक्रेता ‘सर्व भाषा चालतात’ म्हणाला, तर त्याला तेथल्या तेथे ‘खाऱ्या शेंगा’, ‘चारोळ्या’ आणि ‘हळकुंड’ असे तीन जिन्नस छापून दाखवायला सांगावे. ‘ऱ्या’ तुटला किंवा ‘ळ’ भलताच आला तर पुढे बोलायचे कारण नाही. दुसरी खबरदारी अशी की जिनसांची नावे युनिकोडमध्येच भरावीत. श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या फॉन्टमध्ये भरलेली यादी त्या एका संगणकापुरती नीट दिसते आणि संगणक बदलला की तिचा चिखल होतो.

व्यवहारात मी असे सुचवतो की बिलाच्या वरचा भाग, म्हणजे दुकानाचे नाव, जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, एफएसएसएआय क्रमांक, इंग्रजीत ठेवावा आणि जिनसांची नावे गिऱ्हाइकाला वाचता येतील त्या लिपीत छापावीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक जिनसाला शोधनावे भरावीत. काउंटरवरचा एक मुलगा ‘हरभराडाळ’ टंकतो, दुसरा ‘कडलेबेळे’. एक ‘कुळीथ’ शोधतो, दुसरा ‘हुलगे’, तिसरा ‘हुरळी’. सर्व नावांनी एकच जिन्नस सापडला पाहिजे. ते केले नाही, तर न सापडलेला जिन्नस पुन्हा नव्याने भरला जातो आणि एकाच कुळथाच्या तीन शिलकी तयार होतात.

आता कागल-मुरगूडच्या गिऱ्हाइकांचा प्रश्न. कोगनोळी नाक्यापलीकडे महाराष्ट्र सुरू होतो. कराच्या राज्य-क्रमांकांत कर्नाटक, म्हणजे आपण, २९ आणि ते २७. गिऱ्हाईक काउंटरवर येऊन माल घेऊन गेले आणि बिलावर त्याचा पत्ता नाही, तर विक्री आपल्या राज्यातील धरली जाते आणि केंद्राचा व राज्याचा कर निम्मा-निम्मा लागतो. परंतु १ ऑक्टोबर २०२३ पासून असा बदल झाला आहे की नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाचा पत्ता बिलावर लिहिला, तर पुरवठ्याचे ठिकाण त्या पत्त्यावरून ठरते. नुसते राज्याचे नाव लिहिले तरी पत्ता लिहिला असेच मानले जाते. बरीच सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाचा मोबाइल क्रमांक टाकताच आधी भरलेला पत्ता आपोआप बिलावर आणतात. दिवाळीच्या बक्षीस योजनेसाठी कोणी उत्साहाने सर्वांचे गाव, तालुका, जिल्हा, राज्य भरून ठेवले, की मुरगूडच्या मावशींच्या तीनशे रुपयांच्या बिलाला एकात्मिक, म्हणजे परराज्यातील विक्रीचा, जीएसटी लागू लागतो. ५० हजारांपेक्षा कमी रकमेच्या काउंटर विक्रीत पत्ता लिहिणे बंधनकारक नसते, तेव्हा गिऱ्हाईक नोंदीत मोबाइल आणि नाव एवढेच ठेवावे आणि राज्याचा रकाना बिलावर येणार नाही, अशी व्यवस्था करावी. माल घरपोच कागलला पाठवणार असाल, तर मात्र पत्ता लिहावाच लागेल आणि कर त्याप्रमाणेच लावावा लागेल.

आपण जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरण्याच्या योजनेत, आहात की नाही, हे प्रश्नात लिहिलेले नाही. असाल, तर दोन गोष्टी बदलतात. आपल्याला करबिल देता येत नाही, गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही. ‘बिल ऑफ सप्लाय’ द्यावे लागते आणि आपण कंपोझिशनमधील असल्याने कर आकारण्यास पात्र नाही, हे वाक्य त्याच्या वरच्या भागात छापावे लागते. दुसरे म्हणजे परराज्यात माल विकता येत नाही, जरी कोल्हापूरच्या घाऊक बाजारातून विकत घेता येत असला तरी. तेव्हा वरचा पत्त्याचा घोटाळा आपल्या बाबतीत केवळ कराच्या हिशेबाचा राहत नाही, योजनाच हातची जाऊ शकते. कागलच्या एखाद्या हॉटेलमालकाला दरमहा माल द्यायचा विचार असेल, तर आधी कर सल्लागाराशी बोलून घ्यावे.

आपल्या दुकानात बेळगावचा कुंदा आणि गोकाकचे करदंटू विक्रीला असतात, असे आपण ओघात लिहिले आहे. बंद डब्यातील मिठाईचे लेबल तयार करणाऱ्याची जबाबदारी आहे. परातीतून सुटी विकत असाल, तर १ ऑक्टोबर २०२० पासून परातीवर ‘अमुक तारखेपर्यंत खाण्यास योग्य’ अशी तारीख लावणे बंधनकारक आहे. खडूने लिहिलेली पाटी चालते, पण रोज ती बदलली जाते का, हे पाहणारा माणूस ठरवावा. खाद्यपदार्थांच्या बिलावर एफएसएसएआय क्रमांक १ जानेवारी २०२२ पासून लागतो.

यंत्रांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. बिल प्रिंटर ८० मिलिमीटर रुंदीचा घ्यावा, कारण ५८ च्या कागदावर मराठी नावे आणि एमआरपी-दराचे दोन रकाने एका ओळीत मावत नाहीत. स्कॅनर घेताना क्यूआर वाचणारा, म्हणजे टू-डी प्रकारचा घ्यावा. २०२७ अखेरपर्यंत जगभरच्या दुकानांतील स्कॅनर असे चौकोनी कोड वाचू शकतील, असे जीएसवनचे उद्दिष्ट आहे. त्या कोडात बॅच आणि मुदतीची तारीख मावते, त्यामुळे जुना-नवा माल ओळखण्याचा जो त्रास वर सांगितला, तो पुढे-मागे कमी होईल. वीज गेली तरी संगणक आणि प्रिंटर दोन्ही चालू राहतील एवढा यूपीएस असावा; प्रिंटर त्याला जोडायचा राहून जातो, असे वारंवार दिसते. रोजच्या नोंदींची एक प्रत दुकानाबाहेर ठेवावी.

सुरुवात १ एप्रिलपासून करावी, कारण बिल क्रमांकांची मालिका आर्थिक वर्षापुरती असते आणि मध्येच हातबिलावरून संगणकावर गेलात, तर वर्षभर दोन मालिका सांभाळाव्या लागतात. बिल क्रमांक सोळा अक्षरांच्या आत बसला पाहिजे, तेव्हा दुकानाचे पूर्ण नाव त्यात गुंफू नये. त्याआधीचे दोन महिने विक्री हातबिलावरच चालू ठेवून केवळ आवक संगणकात नोंदवत राहावे. रोज येणारा माल नोंदता-नोंदता दीड हजारपैकी चालते जिन्नस आपोआप यादीत येतात, आणि मार्चअखेरच्या मोजणीत उरलेले, धूळ खात पडलेले तेवढे भरायचे राहतात. मोजणीच्या वेळी प्रत्येक फळीवरील एमआरपी पाहून नोंदवावी, आणि ज्या जिनसाच्या दोन किमती सापडतील त्यांची वेगळी यादी काउंटरवर चिकटवून ठेवावी. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात बिल करणाऱ्या मुलाला ती यादी रोज लागेल.